क्लबने हरवलेलं मैदान

आपलं जुनं मैदान हरवलंय हे आमच्या फुटबॉल क्लबला कळलं ते स्मरणिका काढायची वेळ आली तेव्हा. तोवर कुणाला त्याची आठवणही झाली नव्हती. क्लबचा सुवर्णमहोत्सव आला, समिती नेमली गेली आणि समितीत कुणीतरी ठराव मांडला की क्लब जिथे जन्मला त्या जागी एक दगड बसवायचा. संगमरवरी, वर अध्यक्षांचं नाव कोरलेला. ठराव टाळ्या वाजवून मंजूर झाला आणि मग कुणीतरी विचारलं, की पण ती जागा आहे कुठे?

'आमच्या' क्लबला म्हणते ते सवयीने. त्या क्लबात बाईमाणूस कधी नव्हतं. माझे यजमान त्याचे पहिले कप्तान, आणि लग्न झाल्यापासून मी त्याच त्या मॅचेस त्याच क्रमाने ऐकत आले आहे, एवढाच माझा क्लबशी संबंध. जेवताना मिठाची बाटली म्हणजे राइट आउट, लोणच्याची बरणी म्हणजे सेंटर हाफ. बरणी नेहमी जिंकते, कारण बरणी म्हणजे ते स्वतः.

समिती एका रविवारी घरी आली. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. त्यांनी आयुष्यात चेंडूला पाय लावला असेल तर तो वाटेतून बाजूला सारायलाच. सचिव तरुण होता, आणि बोलताना आमच्याकडे न बघता मोबाइलकडे बघत होता.

"सर, तुम्ही फक्त बोट दाखवा," अध्यक्ष म्हणाले. "बाकी सगळं आम्ही बघतो."

"बोट कशाला?" यजमान म्हणाले. "डोळे मिटून उभा राहतो त्या जागेवर."

हा माणूस डोळे उघडे ठेवून घरातला स्वतःचा चष्मा शोधू शकत नाही. पण पाहुण्यांसमोर नवऱ्याला बोलू नये असं आमच्या पिढीला शिकवलंय, आणि त्याचे दुष्परिणाम आम्ही अजून भोगतोय.

गाडी मीच चालवते. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन 'पुढच्या महिन्यात' आहे, आणि तो महिना काही येत नाही. आम्ही गंगापूर रोडला लागलो. ज्या रस्त्याने मी सायकलवरून कॉलेजला जायचे, त्याच्या दोन्ही अंगांना तेव्हा पेरूच्या आणि द्राक्षांच्या बागा होत्या. आता तिथे इमारती आहेत आणि त्यांना इटलीतल्या गावांची नावं आहेत. त्यात राहणारी माणसं मूळची येवला-निफाडची. पत्ता सांगताना त्यांची जीभ अडखळते, पण अभिमानाने अडखळते.

यजमानांनी एका लग्नाच्या लॉन्सपुढे गाडी थांबवायला लावली. उतरले, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाले, "हेच. हा सेंटर. इथून मी चेंडू घेऊन निघायचो."

समोर बुफेची टेबलं धुवायला काढलेली होती. सचिवाने फोटो काढला. तेवढ्यात स्कूटरवरून गोली आला. गोली म्हणजे क्लबचा पहिला गोलकीपर. जुन्या नाशकातला, मोठ्या मुसलमान कुटुंबातला, यजमानांच्याच वयाचा. लासलगावच्या बाजारात बारदानाचा, म्हणजे पोत्यांचा, धंदा करून आता निवृत्त झालेला. यजमान त्याला गोली म्हणतात, तो त्यांना भाऊ म्हणतो. जगात यजमानांचं ऐकून न घेणारी दोन माणसं आहेत. एक मी आणि दुसरा तो.

"भाऊ, काय बोलता?" हेल्मेट काढायच्या आधीच तो म्हणाला. "ग्राउंड रस्त्याच्या ह्या बाजूला नव्हतं. नदीच्या बाजूला होतं."

"अरे, मी कप्तान होतो का तू?"

"कप्तान तुम्हीच होता. पण चेंडू नदीकडे गेला की आणायला मला पाठवायचे."

दोघं भर रस्त्यात भांडू लागले. मागून रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. अध्यक्षांनी जरा वेळ ऐकून घेतलं, मग पेशंटला 'जरा चूळ भरा' म्हणतात तशा आवाजात म्हणाले, "दोन्ही बाजू चालतील, सर. मध्ये चौक आहे ना, तिथे आयलंडवर बसवू या. व्हिजिबिलिटी पण चांगली आहे."

त्यांना जागा सापडायलाच नको होती. त्यांना दगड दिसायला हवा होता.

"मैदान नदीच्या बाजूला होतं," मी म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सचिवानेसुद्धा मोबाइलमधून मान वर काढली. "मॅडम, तुम्ही पण मॅच बघायला यायच्या?"

"नाही. मी धावायला यायचे."

आणि ते खरं आहे. कॉलेजात असताना मी आणि माझी एक मैत्रीण दोनशे मीटर धावायचो. मुलींना सरावाला मैदान नव्हतं, म्हणून आम्ही उजाडता उजाडता त्या शेताच्या तुकड्यावर जायचो आणि कुणी बघायच्या आत परत फिरायचो. नदीकडे धावताना उतार होता, परतताना चढ. रस्त्याकडे येताना धाप लागायची. मैदान रस्त्याच्या पलीकडे असतं तर चढ उलटा असता. पुढे मी भूगोलाची शिक्षिका झाले, पण एवढं कळायला भूगोल लागत नाही, पाय लागतात.

"छान, छान," अध्यक्ष म्हणाले आणि सगळ्यांनी कॉफी कुठे प्यायची ते विचारू लागले.

त्या दिवसापुरता विषय तिथेच संपला. पण गोलीच्या डोक्यातून तो जाईना. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, तोही मला, यजमानांना नाही.

"भाभी, विळीवाली बाई आठवते?"

तिला मी कधी भेटले नव्हते, पण तिला न ओळखणारा क्लबमध्ये कुणी नसेल. मैदान ज्यांच्या शेताचा तुकडा होतं ते गंगेवरचं, म्हणजे गोदाकाठचं, तीर्थोपाध्यायांचं घराणं. यात्रेकरूंचं काम गावात, शेती इथे. घरातल्या मालकांनी पोरांना खेळू दिलं होतं. मालकीणबाईंनी दिलं नव्हतं. चेंडू त्यांच्या भुईमुगात गेला की त्या विळी घेऊन बाहेर यायच्या, शांतपणे चेंडू चिरायच्या आणि दोन अर्धगोल कुंपणावरून परत फेकायच्या.

"तिच्या मुलाचा लासलगावला माल असायचा. मी बारदान दिलंय त्याला," गोली म्हणाला. "पत्ता काढला. गंगापूर रोडवरच राहतो. मला वाटतं, त्याच जमिनीवर."

मी, यजमान आणि गोली असे तिघं गेलो. समितीला कळवलं नाही. मोठी सोसायटी होती. फाटकापाशी पाटी होती, 'आवारात चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे.' गोलीने ती मोठ्याने वाचली आणि यजमानांकडे बघितलं. यजमानांनी तिकडे बघायचं टाळलं. लॉन्सवाल्या जागेवर ते अजून ठाम होते.

मुलगा आमच्याहून थोडा लहान. सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं आणि मैदानाचा विषय निघताच त्याचा चेहरा बंद झाला.

"मैदान? आमच्या शेतात? छे, छे. द्राक्षं होती."

"द्राक्षांच्या आधी?" मी विचारलं.

"आधी भुईमूग."

"आणि भुईमुगाच्या शेजारी?"

"अहो ताई, तुम्हाला नक्की काय पाहिजे? आमचं टायटल क्लिअर आहे. प्लॅनमध्ये मैदानाचं रिझर्वेशन कधीच नव्हतं. वकिलाचा नंबर देतो हवा तर."

यजमानांना वाटलं आपण समजूत घालावी. ते म्हणाले, "अहो, तसं काही नाही. आम्हाला फक्त एक दगड बसवायचाय."

"दगड?" तो उठूनच उभा राहिला. "दगड तर मुळीच नको. आज दगड, उद्या शेंदूर, परवा आरती. आमच्या सात पिढ्या त्याच धंद्यात गेल्यात, मला सांगू नका."

मला पहिल्यांदाच त्या माणसाबद्दल थोडा आदर वाटला. निरोप घ्यायला आम्ही उठणार, तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला, "कोण आलंय? ते चेंडूवाले का?"

"कुणी नाही, आई. तू पड."

आई पडली नाही. वॉकर आपटत बाहेर आली. नव्वदीला टेकलेली, पाठ वाकलेली, पण डोळे जागच्या जागी. तिने आधी गोलीकडे बघितलं, मग यजमानांकडे, मग पुन्हा गोलीकडे.

"तूच ना रे तो, आडव्या खांबाला लोंबकळायचा? माझ्या मांडवाची बल्ली होती ती. वाकवून टाकलीस."

गोली एवढा दांडगा माणूस, पण उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात मागे घेतले. "हो, काकू."

"काकू, तुम्ही आमचे चेंडू कापायच्या," यजमान म्हणाले. आवाज तक्रारीचा होता. इतक्या वर्षांनी.

"कापायचे. मग काय त्यांची पूजा मांडायची होती? शेंगा भरायच्या दिवसांत तुम्ही आत शिरून सगळं तुडवायचात. एकाला तरी कधी लाज वाटली का?" तिने आमच्या तिघांवरून नजर फिरवली. "आणि आता काय हवंय?"

मी सांगितलं. दगड, समिती, अध्यक्ष, लॉन्स, चौक. ऐकताना तिच्या तोंडाचा कोपरा वर वर सरकत गेला. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "म्हणजे जागा माहीत नाही आणि दगड तयार आहे."

ह्या बाईशी माझं जमणार, हे मला तेव्हाच कळलं.

मुलाने विरोध केला, तरी ती आम्हाला घेऊन लिफ्टने खाली गेली. तोही मागून आला, कारण आम्ही काही मोजमाप करतो की काय याची त्याला धास्ती. खाली पार्किंगमध्ये तिने वॉकरचा एक पाय उचलून दाखवायला सुरुवात केली. तिच्या घराची पडवी होती तिथे आता पाण्याची टाकी. पडवीत बसून सगळं दिसायचं. नदीकडचा गोल ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणापाशी. रस्त्याकडचा गोल दुसऱ्या इमारतीच्या खाली, म्हणजे तो गेलाच. गोलीने आपण बहुतेक वेळ रस्त्याकडे उभे असायचो असं छातीठोक सांगितलं. तिने त्यालाही सोडलं नाही.

"मुळीच नाही. आपसात दोन संघ पाडून खेळायचात, तेव्हा तू याच्या समोर, नदीकडेच असायचास. नाणं उडवायचे, आणि हा," वॉकर यजमानांकडे वळला, "जिंकला की वरची बाजू घ्यायचा. हरला तरी भांडून वरचीच घ्यायचा."

 लॉन्सचं नाव त्यानंतर यजमानांच्या तोंडून आलेलं नाही.

मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. "आणि तू ती सकाळी पळणारी. दोघी यायच्या. एक इथे पडली होती, गुडघा फुटला होता. मी हळद लावली."

"ती माझी मैत्रीण," मी म्हणाले. "मी तेव्हा पुढे निघून गेले होते, मला हळदीचं माहीत नव्हतं."

मैत्रीण आता ह्या जगात नाही. आम्ही तिथे धावत होतो हे माझ्याखेरीज कुणाला ठाऊक असेल असं मला वाटलं नव्हतं. मी तिथल्या एका गाडीच्या टपावर हात टेकला, तर मुलगा म्हणाला, "ताई, अलार्म वाजेल."

एवढ्यावर आम्ही परत फिरलो असतो तर बरं झालं असतं. पण यजमानांना भाषणाची सवय. ते आजूबाजूच्या इमारतींकडे बघून म्हणाले, "काय मैदान होतं. शेवटी बिल्डरने घशात घातलंच."

"कुठला बिल्डर?" म्हातारी म्हणाली. "बिल्डर आला तो फार नंतर. तुम्हाला कुणी हाकललं नव्हतं. तुम्हीच यायचं थांबलात."

"आम्ही?"

"मग कोण? एक दिवस कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हे म्हणाले, परीक्षा असतील. सगळा पावसाळा गेला. गवत कमरेएवढं झालं. हे म्हणाले, येत नाहीत तर नांगर घालतो. मीच म्हटलं, दसऱ्यापर्यंत थांबा." तिने पाण्याच्या टाकीकडे बघितलं. "दुपारी फार शांत वाटायचं."

यजमान आणि गोली एकमेकांकडे बघत राहिले.

इथे मला मधली गोष्ट सांगायला हवी. मालेगावच्या एका स्पर्धेच्या फायनलला यजमानांनी ऐन वेळी गोलीला बसवलं आणि कॉलेजातल्या एका नव्या मुलाला गोलमध्ये उभं केलं. संघ हरला. परतीच्या ट्रकमध्ये भांडण झालं, आणि गोली निम्मी पोरं घेऊन वेगळा झाला. मी तेव्हा नामपूरच्या शाळेत नोकरीला होते, हे सगळं मला लग्नानंतर कळलं. पुढे बऱ्याच वर्षांनी दोघांचं जुळलं, क्लब पुन्हा उभा राहिला, महापालिकेच्या मैदानावर खेळू लागला. मूळ मैदान कुठे गेलं याचं उत्तर तोवर ठरून गेलं होतं. भूमाफियांनी गिळलं. यजमानांनी स्मरणिकेसाठी ह्याच विषयावर लेख लिहिला होता, त्यात 'हिरवळीचा टाहो' असे शब्द होते. त्या मैदानावर हिरवळ कधीच नव्हती, ढेकळं होती.

"भाऊ," गोली सावकाश म्हणाला, "तुमची पोरं तर खेळत होती ना इथे?"

"आमची कुठली? तू पोरं घेऊन गेलास, आम्ही समजलो मैदानही तुझ्याकडेच गेलं."

"मी तर कसम खाल्ली होती तुमचं तोंड बघायचं नाही. म्हणून ह्या बाजूला फिरकलोच नाही."

"आम्हीही नाही फिरकलो."

"म्हणजे इथे कुणीच नव्हतं?"

"कुणीच नव्हतं," म्हातारी म्हणाली. "सांगतेय काय मघापासून?"

जमीन मोकळी, खांब उभे, मालक वाट बघतोय, आणि दोन तट आपापल्या गल्लीत फुगून बसलेत, दुसरा तट मजेत खेळतोय असं समजून. कुणी सायकल घेऊन बघूनही आलं नाही. पुरुषांच्या स्वाभिमानाबद्दल मी आयुष्यभर पुष्कळ ऐकलंय. तो इतका आळशी असतो हे मात्र त्या पार्किंगमध्ये कळलं.

घरी आल्यावर यजमानांनी सचिवाला फोन केला. हे मी त्यांच्या बाजूने आवर्जून नोंदवते. म्हणाले, लेख बदलायचाय, मैदान कुणी बळकावलं नव्हतं, आमचंच चुकलं. सचिव म्हणाला, "सर, आता प्रिंटला गेलंय. आणि खरं सांगू का, ही स्टोरी जास्त चांगली वाटते."

दगड चौकातल्या आयलंडवर बसला. त्यावर कोरलंय, 'याच पावन भूमीवर'. चौक बांधला तेव्हा क्लब महापालिकेच्या मैदानावर खेळत होता, पण ते असो. मांडव, हार, आणि पाहुण्यांना उशीर म्हणून सनई दोनदा लावली. नगरसेवकांनी फुटबॉलला मातीतला खेळ म्हटलं. अध्यक्षांनी दगडाला नारळ फोडला. यजमानांना आणि गोलीला शाल मिळाली, दोघांनी मुकाट्याने घेतली. माझी अपेक्षा होती तशीच.

पण मनोगताला गोलीला बोलावलं तेव्हा त्याने माइक हातात घेऊन सरळ सांगितलं, "ग्राउंड इथे नव्हतं. तिकडे होतं, नदीच्या बाजूला. आणि ते कुणी घेतलं नाही. आम्ही दोघं भांडलो, एकमेकांना टाळायला कुणी गेलंच नाही, म्हणून गेलं. सकाळी तिथे मुली धावायच्या, ते पण लिहा कुठेतरी."

टाळ्या पडल्या. मघाशी नगरसेवकांना पडल्या तेवढ्याच. सूत्रसंचालक बाईंनी 'किती हे निरागस मनोगत' म्हणून पुढच्या सत्काराचं नाव पुकारलं.

कार्यक्रम संपल्यावर गोली म्हणाला, "भाभी, एकदा तिथे उभं राहायचंय." आम्ही गेलो. दोघांच्या अंगावर अजून शाली होत्या. म्हातारीला भेटायला आलोय म्हणून आत सोडलं, पण ती झोपली होती, म्हणून आम्ही खालीच थांबलो. गोली ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणाला पाठ लावून उभा राहिला. यजमान समोर चार गाड्या सोडून. 

मग गोली म्हणाला, "भाऊ, एक विचारू? त्या दिवशी मालेगावला मला का बसवलं?"

यजमान शालीचं टोक चाचपत राहिले. "आठवत नाही रे," ते म्हणाले. "खरंच आठवत नाही."

मला आठवतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्यांनी मला सांगितलं होतं. आदल्या मॅचला सगळा गाव गोलीला खांद्यावर घेऊन नाचला होता, आणि कप्तान बाजूला उभा होता. बस्स, एवढंच कारण. मी गोलीकडे बघितलं. तो यजमानांकडे असा बघत होता की मला वाटतं त्यालाही ठाऊक असावं.

"जाऊ द्या," तो म्हणाला.

एका बाईला गाडी मागे घ्यायची होती. तिने हॉर्न दिला आणि दोघं बाजूला झाले.